बिलासाठी आलेला माणूस

प्रिय ताई,
मी 26 वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, कारण घरात सगळ्यांनी तीच घेतली होती. गेली साडेतीन वर्षं एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. काम येत नाही असं नाही, पण महिनाअखेर जवळ आली की पोटात गोळा येतो. दिवसभर स्क्रीनवर रकाने जुळवायचे आणि संध्याकाळी कुणाशी बोलायचंही त्राण उरत नाही. मला माणसं आवडतात. मागच्या महिन्यात एक वयस्कर पुरवठादार थकलेल्या बिलासाठी तिसऱ्यांदा आले होते. मी त्यांना बसवलं, कागद पाहिले, माल पोचल्याच्या पावतीवर एक सही राहिली होती, ती कुणाकडून घ्यायची ते सांगितलं. जाताना म्हणाले, "पहिल्यांदाच कुणीतरी नीट सांगितलं." ताई, साडेतीन वर्षांत तेवढा एकच दिवस मला माझा वाटला. ज्यात आकडे अजिबात नाहीत, नुसती माणसं आहेत, अशी कामं कुठली? समुपदेशक, एचआर, शिक्षिका, नर्स, समाजकार्य असं काहीबाही डोक्यात घोळतंय. राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. आई म्हणते, शिकलेलं सगळं वाया जाणार.
– रकान्यांत अडकलेली

प्रिय अडकलेली,

तो राजीनामा अजून थोडे दिवस ड्रॉवरमध्येच राहू दे. तू नोकरी सोडू नयेस असं मला म्हणायचं नाही. बहुतेक सोडशीलच. पण तुझ्या प्रश्नात एक जोडी आहे, एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला माणसं, आणि ती जोडीच चुकीची लागली आहे. ती तशीच मनात धरून बाहेर पडलीस तर वर्षभराने तू मला दुसरं पत्र लिहिशील.

कामाच्या आवडीनिवडींचा अभ्यास करणाऱ्यांत जॉन हॉलंड हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मोठं नाव. 1959 मध्ये त्यांनी माणसांच्या कलाचे सहा प्रकार मांडले आणि पुढे ते एका षटकोनाच्या सहा टोकांवर बसवले. जवळचे प्रकार एकमेकांसारखे, समोरासमोरचे सगळ्यांत वेगळे. या षटकोनात 'लोकांमध्ये रमणारा' प्रकार नीट बघ. त्याच्या बरोबर समोर नोंदी आणि हिशेब नाहीत, तिथे अवजारं आणि यंत्रं आहेत. हिशेबाचं टोक त्याच्यापासून दोनच घरं लांब आहे. 1982 मध्ये डेल प्रेडिगर यांनी याच षटकोनात दोन रेषा दाखवल्या. एका रेषेच्या टोकांना माणसं आणि वस्तू, दुसरीच्या टोकांना माहिती आणि कल्पना. म्हणजे माणसं आवडतात की नाही हा एक प्रश्न झाला, आकडे सोसतात की नाही हा अगदी दुसरा. दोन्ही आवडणारी माणसं असतात, आणि दोन्ही नको असणारीही असतात. ती बिचारी मला पत्रं लिहीत नाहीत, कारण त्यांना मीही नको असते.

मग आधी आकड्यांचं बघू. "मला आकडे आवडत नाहीत" असं म्हणणाऱ्यांचे निदान तीन गट मला दिसलेत. पहिल्यांना भीती वाटते. ही भीती इतकी खरी आहे की 1972 मध्ये तिच्या मोजमापासाठी 98 प्रश्नांची एक चाचणी तयार झाली. पुढच्या संशोधनात असं दिसलं की गणित समोर येताच काळजीच डोक्यातली कामाची जागा अडवून बसते. त्यामुळे येणारं गणितही चुकतं, आणि मग भीती आणखी वाढते. काहींना डिस्कॅल्क्युलिया असतो, म्हणजे अंक आणि त्यांची किंमत मेंदूत बसवणंच जड जातं. त्याची तज्ज्ञाकडून रीतसर तपासणी होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्यांना नुसता कंटाळा येतो. तिसऱ्या गटातल्यांचं भांडण आकड्यांशी नसतंच. त्या आकड्यामागे कोण आहे ते कधी दिसत नाही, याचा त्यांना त्रास होतो.

"काम येत नाही असं नाही" हे तू तुझ्याच हाताने लिहिलं आहेस. आणि तुझा तो एकुलता एक चांगला दिवस कशावर उभा होता? बिलावर. रक्कम, तारीख, पावती, सही. आकडे तेच होते गं. फक्त त्या दिवशी ते खुर्चीत बसून तुझ्याकडे बघत होते.

मी सोळा वर्षं एका रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केलं. पहिल्याच महिन्यातली एक रात्र सांगते. एका वॉर्डात एक आजोबा होते, सलाइन लावलेलं, आणि ते सारखे विचारत होते, "हे बरोबर चाललंय ना?" रात्रपाळीची नर्स आली. 500 मिली चार तासांत द्यायचं होतं. त्या नळीतून 1 मिलीला 20 थेंब पडायचे, म्हणजे मिनिटाला साधारण 42. हे तिने पेनाने तळहातावर मांडलं. मग नळीवरच्या चाकावर अंगठा ठेवून ती म्हणाली, "आजोबा, थेंब तुम्ही मोजा, घड्याळ मी बघते. पंधरा सेकंद." आजोबांनी मान वर करून मोजले, मोठ्याने. चौदा. तिने चाक किंचित फिरवलं. "परत." तेरा. पुन्हा फिरवलं. दहा. "आता?" आजोबांनीच विचारलं. "आता बरोबर," ती म्हणाली. त्यानंतर आजोबांनी कुणाला काही विचारलं नाही, रात्रभर स्वतःच मोजत पडले होते. पहाटे झोप लागली त्यांना. नर्सिंग म्हणजे आकड्यांपासून सुटका असं तुला वाटत असेल, तर ही रात्र लक्षात ठेव. तिथे गुणाकार-भागाकार चुकून चालतच नाही. पण तिथला भागाकार एका माणसाच्या शिरेत जात असतो, म्हणून तो करावासा वाटतो.

आता तुझ्या यादीकडे वळते. क्रमाने घेणार नाही.

एचआरबद्दल तुझी कल्पना बहुतेक कंपनीच्या जाहिरातींतून आली असावी. हसऱ्या चेहऱ्यांची माणसं गोल करून बसलेली वगैरे. प्रत्यक्षात त्या खात्याचा मोठा भाग पगार, रजा, किती आले, किती गेले, सोडून जाण्याचं प्रमाण किती, याच तक्त्यांत असतो. महिनाअखेर तिथेही येते, आणि तुझ्यापेक्षा दोन दिवस आधी येते. त्यातल्या त्यात नव्या लोकांना रुळवणं आणि प्रशिक्षण देणं हा भाग खरोखर माणसांचा असतो. जाहिरातीत नेमकं तेवढंच काम लिहिलेलं असेल तर अर्ज कर, नाहीतर नको. विक्री हा तर आगीतून फुफाटा. दिवसभर माणसं भेटतील, आणि प्रत्येक माणूस टार्गेटमधला एक आकडा असेल. कॉल सेंटरचंही तेच. एका फोनला सरासरी किती वेळ लागला हे मोजलं जातं. तुझ्या त्या पुरवठादारांना तू जितका वेळ दिलास, तेवढ्यावर तिथे तुला बोलावून विचारलं असतं.

समुपदेशन. दुरून डोंगर साजरे, एवढंच म्हणून मी थांबले असते, पण तू ते यादीत पहिलं लिहिलंस म्हणून सविस्तर सांगते. मानसशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पदवीत संख्याशास्त्राचा विषय असतो आणि तो चुकवता येत नाही. कोणता उपचार खरंच उपयोगी पडतो आणि कोणाची वेळच बरी आली होती, हे त्याशिवाय कळत नाही. पुढे खोलीत बसल्यावरही आकडे येतात. नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. हिशेब म्हणून बघशील तर दोन मिनिटांची बेरीज. पण शेवटचा, नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल असतो. बेरीज कितीही कमी आली, तरी नवव्यासमोर शून्य नसेल तर समुपदेशक कागद बाजूला ठेवतो आणि त्यावर बोलतो. मला वाटतं, हे तुला जमेल. तुला ते आवडेल का, याबद्दल मात्र मला शंका आहे, आणि तिचं कारण तुझ्या पत्रातच आहे.

त्या पुरवठादारांशी तू नेमकं काय केलंस? त्यांचं दुःख ऐकून घेतलंस का? फारसं नाही. धीर दिलास? तसं तू लिहिलेलं नाहीस. तू कागद पाहिलेस, कुठे अडलंय ते शोधलंस, आणि कुणाकडे जायचं ते सांगितलंस. तू गाठ सोडवलीस. समुपदेशकाचं काम बरंचसं याच्या उलट असतं. समोरच्याची गाठ आपल्याला दिसत असते, बोटं शिवशिवत असतात, आणि तरी हात मांडीवर ठेवून बसायचं असतं, कारण ती त्याची त्यानेच सोडवायची. कित्येक आठवडे काही सुटत नाही. ज्यांना असं बसता येतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला स्वतःला ते जमलं नाही. मी रुग्णालयात राहिले ती यामुळेच. तिथे माझ्याकडे येणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत काहीतरी हातात हवं असायचं, एखादी सही, एखादा अर्ज, एखादी खाट.

'माणसांत काम' म्हणताना आपण पाच-सहा वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो. ऐकणं वेगळं, शिकवणं वेगळं, पटवणं वेगळं, हातांनी सेवा करणं वेगळं. दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये बसणं तर फारच वेगळं. आणि वाट दाखवणं वेगळं. तू, मला दिसतं तशी, वाट दाखवणारी आहेस.

या वाट दाखवण्याला बऱ्याच ठिकाणी रीतसर काम म्हणून नाव मिळालं आहे. 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हॅरल्ड फ्रीमन या शल्यचिकित्सकांच्या लक्षात आलं की गरीब बायका स्तनाच्या कर्करोगासाठी फार उशिरा येतात. आणि आल्या तरी तपासणी, अहवाल, पैसे, पुढची तारीख या फेऱ्यांत हरवतात. त्यांनी अशा बायकांबरोबर एक माणूस दिला. त्याने औषध द्यायचं नव्हतं. अडेल तिथे अडथळा दूर करून बाईला पुढच्या दारापर्यंत पोचवायचं होतं. 'पेशंट नॅव्हिगेटर' हे काम तिथून सुरू झालं. रुग्णालयातली समाजसेविका, विद्यापीठातला विद्यार्थी मदत कक्ष, कायदेविषयक मदत केंद्रात अर्ज भरायला बसलेली व्यक्ती, विम्याचा दावा अडकलेल्यांना मदत करणारे, मोठ्या संस्थांमधले तक्रार निवारण अधिकारी, ही सगळी याच कुळातली. तक्रार निवारणाचं घराणं तर जुनं आहे. सरकारी कारभाराविरुद्ध सामान्य माणसाची तक्रार ऐकणाऱ्या लोकपालाची तरतूद स्वीडनने 1809 च्या राज्यघटनेतच केली होती.

आणि या कुळातल्या प्रत्येक कामात, बिल वाचता येणारं माणूस सोन्यासारखं असतं. माझ्याबरोबरच्या निम्म्या समाजसेविका कागदावर चार रकमा दिसल्या की तो माझ्याकडे सरकवायच्या. मी फार हुशार होते असं नाही, पण मला रकान्यांची भीती नव्हती. हातात बिल धरून रडणाऱ्या माणसाला "यातला हा आकडा दोनदा लागलाय, चला, विचारू" असं म्हणता येणं, यापेक्षा मोठा दिलासा मला आजवर देता आलेला नाही.

तू ज्यांची नावंच घेतली नाहीस अशी दोन-तीन कामं जाता जाता सांगते. ग्रंथपाल हे त्यातलं माझं लाडकं. वाचक काउंटरवर येऊन जे मागतो ते त्याला क्वचितच हवं असतं. "आरोग्यावरची पुस्तकं कुठे आहेत?" असं विचारणाऱ्याच्या खिशात आईचा अहवाल असतो. चार साधे प्रश्न विचारून खऱ्या प्रश्नापर्यंत पोचणं, याला त्या धंद्यात संदर्भ मुलाखत म्हणतात. ग्रंथपालाने वाचकाशी आपलेपणाने कसं वागावं यावर सॅम्युअल ग्रीन यांनी 1876 मध्ये लिहिलं, आणि त्याच वर्षी मेल्विल ड्युई यांची पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावण्याची दशांश पद्धत छापली गेली. पुस्तकांच्या पाठीवरचे ते आकडे बघून घाबरू नकोस. ते नुसते घराचे पत्ते आहेत, त्यांची बेरीज कुणी करत नाही.

वाचा-उपचार हे दुसरं. अडखळत बोलणारी मुलं, पक्षाघातानंतर शब्द हरवलेली मोठी माणसं, त्यांच्याबरोबर महिनोन्‌महिने बसायचं. त्यासाठी वेगळी पदवी लागते, म्हणजे पुन्हा काही वर्षं शिकणं आलं. दुभाषाचं काम भाषेवर पकड असेल तरच. ते इतकं थकवणारं असतं की मोठ्या सभेत दोघं दुभाषे जोडीने बसतात आणि दर 20 ते 30 मिनिटांनी अदलाबदल करतात. गंमत म्हणजे बोलता बोलता भाषांतर करताना सगळ्यांत जास्त घसरायला होतं ते आकड्यांवर. म्हणून एक बोलत असताना जोडीदार शेजारी बसून आकडे कागदावर टिपून देतो. आकड्यांपासून पळून माणूस जाईल तरी कुठे!

शिक्षिका होण्याबद्दल मी फार बोलत नाही. लहान मुलांत दिवसभर उभं राहायची हौस तुझ्या पत्रात कुठे दिसली नाही.

आता थोडं कडू. "मला माणसं आवडतात" हे वाक्य मी शेकडो पत्रांत वाचलं आहे. तुझा पुरवठादार वैतागलेला असला तरी भला होता, आणि तो आभार मानून गेला. वाट दाखवण्याच्या कामात दहातले बरेच जण आभार मानत नाहीत. ते ओरडतात, कारण तुझ्या आधी चार खिडक्यांनी त्यांना हाकललेलं असतं आणि पाचवी खिडकी तू असतेस. चेहरा शांत ठेवणं हेही श्रमच आहेत. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये त्यांना भावनिक श्रम असं नाव दिलं, तेव्हा त्यांनी दोन टोकांची कामं अभ्यासली होती. एक विमानातल्या हवाई सुंदरींचं, ज्यांनी कायम हसायचं. दुसरं थकलेली वसुली करणाऱ्यांचं, ज्यांनी कधी हसायचं नाही. दोघंही घरी थकूनच जायचे. कामातून आलेली ही झीज, म्हणजे बर्नआउट, जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये आपल्या वर्गीकरणात नोंदवली. आजार म्हणून नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून. संध्याकाळी कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अशी तक्रार तू आज करतेस. माणसांच्या कामातही अशा संध्याकाळी येतील. फक्त तेव्हा कारण वेगळं असेल.

म्हणून आधी चाखून बघ. यातलं एखादं काम करणारी व्यक्ती गाठ आणि तिला "कसं असतं काम?" असं विचारू नकोस, त्यावर सगळे भाषण देतात. "मागच्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?" असं विचार. त्या मंगळवारात माणसं किती वेळ होती आणि कागद किती वेळ होते, ते ऐकताना तुझं तुलाच कळेल. जमलं तर एक दिवस तिच्याशेजारी बसून बघ. सुट्टीच्या दिवशी एखाद्या मदत केंद्रात अर्ज भरून द्यायला बस. तिथे बिनपगारी हात नेहमीच कमी असतात. यातल्या कुठल्या कामाला कोणती पदवी आणि कुठली नोंदणी लागते हे जागोजागी वेगळं असतं, तेही त्याच माणसांना विचार, संस्थांच्या जाहिरातींना नको.

आणि सगळ्यांत आधी, येत्या सोमवारी, तुझ्या वरिष्ठांकडे जा आणि म्हण, "पुरवठादारांच्या अडलेल्या बिलांच्या चौकशा यापुढे मी बघते." त्या खात्यात हे काम कुणालाच नको असतं, आनंदाने देतील. दोन-तीन महिने ते कर. लोक चिडलेले येतील तेव्हा घरी जाताना कसं वाटतं ते रोज एका ओळीत लिहून ठेव. रकाने आखू नकोस. राजीनाम्यावर तारीख घालायची की नाही, ते त्या वहीवरून ठरव.

आईच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिला सिसिली सॉण्डर्स यांच्याबद्दल सांग. त्या आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या वेदनेवर काहीतरी केलं पाहिजे म्हणून पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला अशा रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र, म्हणजे हॉस्पिस, उघडलं. आज मरणासन्न माणसांची जी शुश्रूषा होते तिची आधुनिक रीत तिथून आली. दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात पैशाची विवंचना आणि घरच्यांची काळजीही असते, हे त्यांनी ठासून मांडलं, आणि ते त्यांना समाजसेविका असताना दिसलेलं होतं. आईला हे सांगून पटेलच असं नाही. माझ्या आईलाही पटलं नव्हतं. माझ्या खुर्चीसमोर तिची मैत्रीण बिल घेऊन येऊन बसली, तेव्हा पटलं.

एक विचारायचं राहिलं. ती राहिलेली सही त्या पुरवठादारांना मिळाली का? मिळाली असेल तर पैसे सुटले का? तू पत्रात लिहिलं नाहीस. उद्या कामावर गेल्यावर बघ आणि मला कळव.

तुझी,
ताई